कवडूभाऊंची पेटी आणि बहुरूपी

परवा नागपुरात मुलीने गाडी घेतली. नारळ फुटला, पेढे वाटून झाले आणि मग शोरूमच्या सेल्समनने डिकीतून एक लाल पिशवी काढली. आत कुऱ्हाडीसारखं काहीतरी होतं. "मॅडम, हे इमर्जन्सी किट. काच फोडा, पत्रा वाकवा, खिळा उपसा, नट खोला. सगळं एकातच. दुसरं काही ठेवायची गरजच नाही." मी ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "याले इचारलं का, तुले काय येते?"

सेल्समन गोंधळला. मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "आई, प्लीज." पण मी हसतच सुटले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. ते वाक्य माझं नव्हतंच. ते कवडूभाऊंचं होतं आणि मी ते इतकी वर्षं जपून ठेवलंय हे माझं मलाच माहीत नव्हतं.

कवडूभाऊ आमच्या वनखात्याच्या रेंज ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर. धानोऱ्याच्या पलीकडे रस्ता संपला असं वाटतं आणि तो पुढे तासभर चालूच राहतो, तिथे आमचं ऑफिस होतं. मी तिथे टायपिस्ट म्हणून रुजू झाले तेव्हा नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं. चंद्रपूरची पोरगी जंगलात नोकरीला निघाली म्हणून घरी आईने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. ऑफिसात बाई मी एकटीच. पहिल्या दिवशी जीपमधून उतरले आणि ड्रायव्हर म्हणाला, "बाई, भेव नका. इथी वाघ हाय, पन तो ऑफिसात येत नाई. ऑफिसात त मानसंच येत नाईत." हे कवडूभाऊ.

बुटका, काटक माणूस. खाकी शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पाना. कानावर कायम एक बिडी. ती मात्र कधी पेटायची नाही, कारण बिडी सोडून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. मी विचारलं, मग ठेवता कशाला? तर म्हणाले, "कान रिकामा बरा नाई वाटत."

आणि त्यांची पेटी. जीपच्या मागच्या भागात एक हिरवी लोखंडी पेटी असायची. तिच्यात कुऱ्हाड, सब्बल म्हणजे पहार, आरी, टिकास म्हणजे टिकाव आणि हातोडा, शिवाय दोर आणि बारीकसारीक सामान. वादळात रस्त्यावर झाड पडलं, पावसाळ्यात गाडी चिखलात रुतली, नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, खचला की ही पेटी उघडायची. प्रत्येक हत्याराच्या दांड्याला जुन्या लुगड्याची चिंधी होती आणि तिला गाठी. कुऱ्हाडीला एक गाठ, सबलीला दोन, आरीला तीन, टिकासाला चार, हातोड्याला पाच. अंधारात, पावसात, पाण्याखाली हात घातला तरी काय हाताला लागलं ते कळलं पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

रोज सकाळी ते पेटीत डोकं घालून, डोळे मिटून गाठी चाचपत हत्यारं मोजायचे. त्या वेळी बाहेर फक्त त्यांचे पाय दिसायचे. मध्येच कुणी हाक मारली तर उत्तर नाही. एकदा साहेब ओरडत आले, "कवडू, गाडी काढ, लवकर!" तर पेटीतून नुसता एक हात वर आला. थांबा म्हणून. साहेब थांबले! माझा अर्ज घेऊन मी तासभर ताटकळायचे आणि या माणसाच्या एका हाताने साहेब थांबायचे. मला तर रागच यायचा.

नवा गार्ड आला की त्याची परीक्षा व्हायची. डोळ्यांवर दुपट्टा बांधून त्याला पेटीपुढे उभं करायचं. "आरी दे." गार्ड चाचपडायचा. चुकला की दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा साहेबांनीच हौसेने दुपट्टा बांधून घेतला आणि हातोडा म्हणून जॅकचा दांडा काढून दिला. कवडूभाऊ अगदी शांतपणे म्हणाले, "जवळ आले, साहेब. उद्या पास होता."

हत्यार ते कुणाला देत नसत. म्हणजे नाही असंही म्हणत नसत, आणि तीच तर गंमत. गावात कुणाच्या घरी लग्न असलं आणि मांडवासाठी सब्बल मागायला माणूस आला की हे म्हणायचे, "चाल." आणि सब्बल खांद्यावर टाकून स्वतःच निघायचे. "हत्यार एकटं जात नाई," हा त्यांचा नियम. परिणाम असा की आजूबाजूच्या चार गावांतल्या निम्म्या मांडवांचे खड्डे कवडूभाऊंनी खोदले असतील. लोकही बिलंदर. सब्बल घरात असली तरी मागायला यायचे.

एवढा जीव त्या पेटीत का, ते मला त्यांच्याकडून कधीच कळलं नाही. ते सोमाभाऊंनी सांगितलं. ऑफिससमोर सोमाभाऊंची चहाची टपरी होती. एक पाय गुडघ्यापासून नव्हता, बगलेत बांबूची कुबडी. दोघं तरुणपणी लाकडाच्या एका ट्रकवर होते, कवडूभाऊ ड्रायव्हर आणि सोमाभाऊ त्यांचे जोडीदार. एके दिवशी जंगलात माल भरताना ओंडका घरंगळला आणि सोमाभाऊंच्या पायावर बसला. ट्रकमध्ये हत्यार म्हणाल तर फक्त एक कुऱ्हाड.

"कुराडीनं ओंडका उचलत नाई न, बाई," सोमाभाऊ चहा गाळत सांगत होते. "सब्बल पाह्यजे. कवडू गावात पयत गेला सब्बल आनाले. पयतच आला. पन गाव दूर होतं. त्याचा काय दोष? मी त त्याले म्हन्तो, बेस झालं, चपलीचा एक जोड मले दोनदा पुरते." असं म्हणून ते खो खो हसले. मला काही हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीबाहेर ते दोन पाय दिसले तेव्हा मी अर्ज घेऊन मुकाट उभी राहिले.

त्यानंतर वर्षभराने नवे साहेब आले, नाशिककडचे. माणूस चांगला, उत्साही आणि नव्या गोष्टींचं भारी वेड. आमच्या हद्दीत जंगलातले नाके होते आणि प्रत्येक नाक्यावर संकटकाळी उपयोगी पडेल असं सामान द्यायचं त्यांनी ठरवलं. त्यासाठी नागपुरातून एक नमुना आणला. एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला हातोडीचं डोकं, पात्यात खिळे उपसायची खाच, मध्ये नट फिरवायचं भोक आणि दांड्याच्या टोकाला चपटी लोखंडी जीभ. साहेब त्याला बहुउद्देशीय कुऱ्हाड म्हणायचे.

कवडूभाऊंनी ती दोन्ही हातांत फिरवून पाहिली. "साहेब, याले इचारलं का, तुले काय येते?"

"सगळं येतं!"

"हेच सांगते न तो. ज्याले सगळं येते, त्याले मी गाडीत बसवत नाई." आणि तिथल्या तिथे तिचं बारसं झालं. "हा त बहुरूपी हाय. सकाळी पोलीस, दुपारी साधू, संध्याकाळी मारवाडी. अन् चोर पकडाची येळ आली का कोनीच नाई!"

साहेब मात्र मुद्द्याचं बोलले. "कवडू, तुझ्याकडे जीप आहे. गार्ड पायी फिरतो. तो काय पेटी डोक्यावर घेऊन फिरणार? सब्बल खांद्यावर, टिकास कमरेला?" कवडूभाऊंनी बहुरूपी पुन्हा उलटसुलट करून पाहिला. मग साहेबांनी सगळं त्यांच्यावरच सोडलं. "दोन महिने वापरून बघ. नाक्यांवर ही एक द्यायची की वेगवेगळी हत्यारं, ते तू लिहून दे. तू म्हणशील तसा आदेश काढतो."

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर गार्ड मोकळ्या हाताने फिरणार, हो म्हणावं तर उद्या कुणाचा पाय ओंडक्याखाली आला तर? ऑफिसच्या आवारात कवडूभाऊंनी परीक्षा मांडली. धावड्याचा वाळका ओंडका आणला. एकदा आपली कुऱ्हाड, एकदा बहुरूपी. एकदा सब्बल, एकदा बहुरूपी. आम्ही सगळे फायली सोडून बघत उभे. अगदी इमानदारीने केलं हो त्यांनी, कुठे मुद्दाम हात ढिला सोडला नाही. बहुरूपीचं पातं धावड्यावरून उडायचं. त्याच्या जिभेने मोठा दगड हलायचा, पण उलटायचा नाही.

"काय निकाल, भाऊ?" मी विचारलं.

"सगळंच येते, पन थोडं थोडं. शाळा तपासाले येनाऱ्या साहेबावानी."

तरी लिहून काही देईनात. दोन महिने झाले, अडीच झाले. साहेब विचारायचे तेव्हा उत्तर एकच, "दसरा होऊ द्या." रोज दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे, मी मशीनमध्ये कागद चढवायची, ते छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "उद्या लिहू, बाई." मी चिडायची. पण त्या माणसाला खरंच झोप येत नव्हती, हे मला दिसत होतं.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते आणि एकदा कुंकू लागलं की त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, हा रिवाज. कवडूभाऊंनी सकाळी पेटी रिकामी केली, पाचही हत्यारं धुऊन तेल लावून शेडमध्ये नव्या पोत्यावर ओळीने मांडली. कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. जीपलाही हार. एका गार्डने विचारलं, "भाऊ, याले कुठी ठेवू?" त्याच्या हातात बहुरूपी होता.

"पूजा करताना देवाले सांगा लागते, हा कोन हाय. याचं काय सांगू? राहू दे गाडीतच." आणि बहुरूपी गेला ड्रायव्हरच्या सीटखाली.

साहेब सुट्टीवर होते. आम्ही थोडेजण प्रसाद खात बसलो होतो तेवढ्यात सायकलवर एक माणूस धापा टाकत आला. नाल्याच्या अलीकडे सवारीची काळी-पिवळी जीप उलटून धानाच्या बांधीत पडली होती. बाकीचे निघाले, पण एका म्हातारीचा पाय आत अडकला होता. कवडूभाऊ अर्धा लाडू तोंडात घेऊन उठले. "बाई, तुमी चाला. बाईमानूस हाय तिथी." मी पदर खोचून जीपमध्ये बसले आणि आम्ही सुटलो. हाराची फुलं काचेवरून मागे उडत होती.

अर्ध्या वाटेवर रस्त्यात झाड आडवं. आमच्या भागात असं झाड दिसलं की आधी बुंधा बघतात, कापलेला आहे की उन्मळलेला; कापलेला म्हणजे नक्षलवाद्यांनी रस्ता अडवलेला. हे उन्मळलेलं होतं. रात्रीच्या पावसाने मूळ सैल झालेलं. हुश्श केलं. कवडूभाऊ मागे गेले, पेटी उघडली आणि डोळे न मिटताच आत बघत उभे राहिले.

पेटी रिकामी होती. पाचही हत्यारं शेडमध्ये कुंकू लावून बसली होती.

त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. "बाई," ते म्हणाले, "म्या रिकामी पेटी आनली." मी म्हटलं, परत जाऊ, घेऊन येऊ. त्यांनी मान हलवली. "पुन्हा तेच होईन. मी पयत राहीन अन् तिचा पाय जाईन." मग एकदम वाकून सीटखाली हात घातला आणि बहुरूपी ओढून काढला.

झाडावर चार घाव घातले. पातं उडालं, साल निघाली, बस. झाड हसलं असेल. "याले नाई येत," एवढंच बोलले आणि जीप तिथेच सोडून, बुंध्यावरून उडी मारून पळत सुटले. त्यांच्या मागे मी, चपला हातात घेऊन. त्या वयात तो माणूस कसा पळत होता बाई! रस्ता चिखलाचा, आणि हे मधूनच हातातल्या बहुरूपीकडे बघून काहीतरी पुटपुटत होते. शिव्या असाव्यात.

काळी-पिवळी कुशीवर पडलेली, बांधीच्या चिखलात रुतलेली. आत पार्बताबाई. सत्तरीची असेल. मुलीच्या गावी दसऱ्याला निघाली होती, मांडीवर टोपली आणि टोपलीत जिवंत कोंबडी. पाय सीटच्या लोखंडी चौकटीत आणि वाकलेल्या पत्र्यात सापडलेला. लोक तिला ओढत होते आणि ती त्यांना शिव्या घालत होती. "मेल्याहो, पाय हाय का मुया हाय उपटाले!" एका शेतकऱ्याने सब्बल आणली होती, चांगली भरभक्कम. पण त्या फटीत तिचं टोकच जाईना. पाय निळा पडत चालला होता.

कवडूभाऊ त्या फटीकडे बघत राहिले. मग हातातल्या बहुरूपीच्या दांड्याकडे, त्याच्या टोकाच्या चपट्या जिभेकडे. आणि मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "इचारतो तुले. हे येते का?"

पोटावर सरकत आत गेले. मी म्हातारीचे खांदे धरून बसले. सीटचा एक नट त्या भोकाने फिरला, कुरकुर करत निघाला. दुसरा गंजलेला, फिरेना. तेव्हा त्यांनी जीभ फटीत सारली आणि अंगाचा सगळा भार दांड्यावर टाकला. चौकट दोन बोटं वर आली. "बाई, आता!" मी ओढलं, म्हातारी कोंबडीसकट माझ्या अंगावर आली. पाय बाहेर होता. मी तळव्याला हात लावला, थंडगार. बोटं हलवा म्हटलं. तिने हलवली. पाचही हलली.

"हलते न! हलते न, बाई?" कवडूभाऊ आतूनच ओरडत होते. मी हो म्हटलं. तर तो माणूस बाहेर येऊन त्या चिखलात बसला आणि ओंजळीत तोंड धरून ढसाढसा रडला. मीही रडले. लपवायचं काय त्यात. पार्बताबाईच तेवढी रडली नाही. ती म्हणाली, "काऊन रडता बाप्पा? कोंबडी जितीच हाय."

खाटेवर घालून लोकांनी तिला झाडापलीकडे जीपपर्यंत आणलं. दवाखान्यात कळलं, एक हाड मोडलंय, पण पाय शाबूत आहे. परत आलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. ऑफिसात न जाता कवडूभाऊ थेट टपरीवर गेले, चिखलाने माखलेले, हातात आपट्याची पानं. सोमाभाऊ समोर. पानं त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले,

"सोमा, पाय निंगाला."

सोमाभाऊंनी क्षणभर पाहिलं. सगळं त्यांना कळलं. मग म्हणाले, "कोनाचा? माहा त नाई न?" आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून इतके हसले की कुबडी पडली, चहाचं भांडं उतू गेलं. मीच धावत जाऊन स्टोव्ह बंद केला.

दुसऱ्या दिवशी कवडूभाऊ टेबलापाशी आले. या वेळी छताकडे बघितलं नाही. "लिहा, बाई. परतेक नाक्यावर पाच हत्यारं येगयेगळी, पेटीत. झाड, ओंडका, चिखल यासाठी तेच पाह्यजे. अन् परतेक गार्डाच्या खांद्यावर एक बहुरूपी. जिथी हत्यार पोचत नाई तिथी तो पोचते." मी ऑफिसच्या भाषेत बसवत टाइप करत होते. मला वाटलं, संपलं. "अजून हाय. लिहा. दसऱ्याच्या दिवशी ड्रायव्हरनं पेटी रिकामी केली. हे त्याची चूक. पुढं कोन्या सनाले पेटी रिकामी करू नये."

मी हात थांबवला. "भाऊ, हे कशाला? कुणाला माहीत नाही. साहेब तर गावातही नव्हते. उगाच सर्व्हिस बुकात काहीतरी येईल."

"येऊ द्या. नाके जंगलात हाय, बाई. तिथी बी दसरा येते." मग त्यांनी कागदावर सही केली, एकेक अक्षर दाबून. साहेबांनी तो वाचला आणि जसाच्या तसा आदेश काढला. सर्व्हिस बुकात काही आलं नाही.

पुढच्या वर्षी माझी अहेरीला बदली झाली. दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं म्हणून निघावं लागलं, तेही नेमकं दसऱ्याच्या सकाळी. आदल्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेतला होता, पण कवडूभाऊ दौऱ्यावर होते. मनात चुटपुट लागून राहिली. बस ऑफिससमोर आली तेव्हा मी खिडकीतून डोकं काढून पाहिलं.

जीप उभी होती, हार घातलेली, तोंड रस्त्याकडे. पेटी जागच्या जागी, झाकण उघडं. या वर्षी हत्यारं बाहेर निघाली नव्हती, कुंकूच पेटीत चाललं होतं. शेजारी सोमाभाऊ कुबडीवर रेलून पूजेचं ताट धरून उभे, आणि पेटीबाहेर कवडूभाऊंचे दोन पाय. दोघांचे मिळून तीन. मला हसू फुटलं. "भाऊ! मी चालले!" मी जीव खाऊन ओरडले. ड्रायव्हरने बस जराशी हळू केली.

मोजणी चालू होती. ते काही डोकं वर काढणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. पण पेटीतून एक हात वर आला, थांबा म्हणणारा तोच हात. या वेळी तो रिकामा नव्हता. त्यात बहुरूपी होता, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेला, आणि दांड्याला चिंधी. बस वळेपर्यंत मी तिच्या गाठी मोजत होते. सहा होत्या.